‘सरका ना भाऊ!’ : यवतमाळच्या ऑटोतील विनोदाचा इतिहास

#थ्रेड

१/
यवतमाळच्या बसस्थानकाबाहेर ऑटो भरत असतो. मागील आसनावर तिघे बसलेले असतात आणि चालक चौथ्याला हाक मारतो. आतील वयस्कर गृहस्थ कुरकुरतात, “अजून किती जण बसवशीन गा?” चालक शांतपणे उत्तरतो, “बसवून कुठी रायलो काकाजी, जागा करून रायलो!” आत हशा पिकतो, गुडघे आखडले जातात आणि चौथा प्रवासी आत येतो. असे संवाद विदर्भात रोज शेकडो ठिकाणी होत असतील. ते इतके नेहमीचे आहेत की त्यांना इतिहास असू शकतो, असे आपल्या मनातही येत नाही. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
माझे म्हणणे थोडक्यात असे. ऑटोतील विनोदाला आपण केवळ करमणूक समजतो. पण अनोळखी माणसांनी एकाच बाकावर अंगाला अंग लावून बसण्यासाठी घडवलेली ती एक सामाजिक भाषा आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या समाजात ‘कोण कोणाच्या शेजारी बसणार’ आणि ‘कोण कोणाला वाहून नेणार’ हे प्रश्न जातीने ठरत. ते प्रश्न बाजूला सारून सर्वांना एका आसनावर बसवणारे वाहन आले, तेव्हा त्या जवळिकीचा संकोच कुठेतरी जिरवावा लागणारच होता. तो हशात जिरला. हे पटवून घेण्यासाठी आधी ‘रिक्षा’ या शब्दापासून सुरुवात करू.

३/
‘रिक्षा’ हा शब्द जपानी आहे. १८६९–७० च्या सुमारास जपानमध्ये माणसाने ओढायची दुचाकी गाडी प्रचारात आली. तिचे नाव ‘जिन-रिकी-शा’. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही गाडी सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी आणि पुढे कलकत्त्यात पोचली. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटात बलराज साहनींनी रंगवलेला शंभू आठवा. गहाण पडलेली जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्यात आलेला तो शेतकरी हीच गाडी ओढतो. शेतीच्या कर्जाचा आणि रिक्षाचा हा संबंध ध्यानात ठेवा. तो पुढे यवतमाळात पुन्हा भेटणार आहे.

४/
भारतीय भाषांनी हा शब्द स्वीकारताना त्यातील ‘जिन’, म्हणजे माणूसच, गाळून टाकला. उरली ती ‘बळ-गाडी’. पुढे इंजिन आले आणि ‘ऑटोरिक्षा’ असा ग्रीक-जपानी जोडशब्द तयार झाला. मराठी मुलखाने त्याचीही वाटणी करून घेतली. पुणे-मुंबईने उत्तरार्ध ठेवला आणि ‘रिक्षा’ म्हटले. विदर्भाने पूर्वार्ध ठेवला आणि ‘ऑटो’ म्हटले. माझ्या मते याचे कारण सरळ आहे. विदर्भातील शहरांत सायकल-रिक्षा दीर्घकाळ टिकून होत्या. ‘रिक्षा’ हे नाव त्यांच्याकडे असल्याने नव्या गाडीला वेगळे नाव लागले. म्हणून पुण्याचा माणूस यवतमाळात उतरून ‘रिक्षा कुठे मिळेल?’ असे विचारतो, तेव्हा त्याचा पत्ता बोलण्याआधीच कळतो.

५/
‘जिन’ शब्दातून गेला, तरी रस्त्यावरून जायला फार वेळ लागला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे माणसाने ओढायच्या रिक्षा एकविसाव्या शतकातही चालू राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचे आदेश दिले. त्या खंडपीठाचे प्रमुख होते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या शेजारच्या अमरावतीचे. माणसाने माणसाला ओढावे काय, हा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे आणि ऑटोचा जन्मही याच प्रश्नातून झाला. त्याकडे वळण्यापूर्वी, ऑटो येण्याआधी यवतमाळकर प्रवास कसा करत, ते पाहू.

६/
वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे आधीचे नाव ‘वणी’ (इंग्रजी दप्तरात ‘वून’) जिल्हा असे होते. १९०५ च्या पुनर्रचनेत ‘यवतमाळ’ हे नाव आले. मुलूख कापसाचा. गावातून बाजारापर्यंत कापूस नेणारी बंडी हेच इथले मुख्य वाहन. माणसांच्या प्रवासासाठी हलका छकडा किंवा छप्पर घातलेली दमणी. मुंबई–नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून, धामणगाववरून गेला. यवतमाळ शहर त्या मार्गापासून सुमारे ४५ किलोमीटर दूर राहिले. त्यामुळे ‘स्टेशनपर्यंत कसे जायचे?’ हा यवतमाळकरांचा पिढीजात प्रश्न होऊन बसला.

७/
१९०३ मध्ये मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. लांबी ११३ किलोमीटर. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हणून आपलेसे केले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले! तिच्या संथपणावर जिल्ह्यात जितके विनोद झाले, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर झाले असतील. अलीकडच्या काळात ती बंद पडली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. म्हणजे या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसांचे पाय रुळांना नव्हे, एस.टी.ला आणि एस.टी. जिथे सोडते तिथून पुढे ऑटोलाच बांधलेले राहिले.

८/
आता मूळ प्रश्न. भाड्याच्या गाडीत बसण्याचा अधिकार कोणाला होता? याचे सर्वांत बोलके पुरावे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आहेत. त्यासाठी क्षणभर विदर्भाबाहेर जाऊ. १९०१ साल, सातारा जिल्ह्यातील मसूर रेल्वेस्थानक. नऊ-दहा वर्षांचे आंबेडकर भावंडांसह वडिलांना भेटायला निघालेले. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर तोडगा निघाला तो असा : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार. ज्याची गाडी तोच पायी, आणि प्रवासी मुले कासऱ्याशी!

९/
दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९२९ चा, खानदेशातील चाळीसगावचा. आंबेडकर आता बॅरिस्टर होते आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर होते. स्थानकावरून वस्तीत नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतील ज्या माणसाने लगाम हाती घेतला, त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरील फरशीच्या पुलावर चाक अडकले, आंबेडकर फेकले गेले आणि पाय मोडला. वस्तीतील लोकांनी आपल्या पाहुण्याच्या सन्मानासाठी ही धडपड केली होती आणि त्यापायीच पाहुण्याच्या जिवावर बेतले. या प्रसंगातील उपहास इतका कडवट आहे की त्यावर कोणालाही हसता येत नाही.

१०/
या दोन्ही प्रसंगांत भाडे द्यायला प्रवासी तयार होते. पैशांची अडचण नव्हती. अडचण सान्निध्याची होती. एक गाडीवान पायी निघाला, टांगेवाले बसून राहिले, कारण शेजारी बसणे त्यांना नको होते. सार्वजनिक वाहनांचा इतिहास लिहिताना आपण इंजिन, इंधन आणि वेग यांविषयी भरभरून लिहितो. भारतात मात्र वाहनाच्या आसनाचा इतिहास इंजिनाच्या इतिहासाहून महत्त्वाचा आहे. या दृष्टीने पाहिले की ऑटोरिक्षा जन्माला आली तो काळ फार अर्थपूर्ण वाटू लागतो.

११/
इटलीत ‘पियाजिओ’ कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर ‘व्हेस्पा’ (गांधीलमाशी) ही स्कूटर आणि १९४८ मध्ये ‘आपे’ (मधमाशी) ही तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आणली. दोन्हींचे रचनाकार कोराडिनो दास्कानिओ. मूळचे अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी हीच तीनचाकी प्रवासी वाहतुकीसाठी बदलून घेण्याची कल्पना मांडली. माणसाने माणसाला ओढणे अथवा पायडल मारून वाहणे थांबावे, हा त्यामागील विचार. मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यासमोर ती मांडण्यात आली, परवानगी मिळाली आणि १९५० च्या आसपास पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा दिसू लागल्या.

१२/
या कथेत विदर्भाचाही धागा आहे. या आयात गाड्यांचा व्यापार ज्या ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ने सुरू केला, तिची स्थापना १९४५ ची. तिचेच पुढे ‘बजाज ऑटो’ झाले. कंपनीच्या नावातील बछराज म्हणजे वर्ध्याचे शेठ बछराज बजाज. जमनालाल बजाज हे त्यांचे दत्तक नातू. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. याच जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले होते. देवळाचा उंबरा आणि भाड्याच्या गाडीची पायरी हे दोन प्रश्न त्या पिढीला किती लगटून आलेले होते, याची ही खूण आहे. दोहोंमध्ये थेट कार्यकारणभाव जोडण्याची मात्र घाई करू नये.

१३/
ऑटो रस्त्यावर येत होती त्याच वर्षांत देश आपली राज्यघटना स्वीकारत होता. २६ जानेवारी १९५० पासून अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपुष्टात आणली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने सार्वजनिक वाहन वापरण्यास मज्जाव करणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. मसूरचा गाडीवान आणि चाळीसगावचा टांगेवाला आता कायद्यापुढे गुन्हेगार ठरले असते. टांग्याला जुन्या जगाच्या सवयी चिकटलेल्या होत्या. ऑटो मात्र प्रजासत्ताकाच्या बरोबरीने जन्मलेली होती आणि ‘याला बसवायचे नाही’ अशी पिढीजात रूढी तिच्यापाशी नव्हती. कायदा कागदावर उतरला. तो अंगवळणी पडायला एक बाक लागला.

१४/
तो बाक नीट पाहा. रेल्वेला वर्ग होते आणि डबे होते. टांग्यात पुढचे-मागचे होते. ऑटोच्या मागील भागात आसन एकच. मध्ये दांडी नाही, पडदा नाही, पहिला-दुसरा वर्ग नाही. परवान्यानुसार तीन प्रवासी. व्यवहारात, विशेषतः तालुक्यांच्या गावी, चौथा आणि पाचवा चालकाच्या दोन्ही बाजूंना अर्धा आत, अर्धा बाहेर. बाजाराच्या पिशव्या, कोंबडीची टोपली, शाळेची दप्तरे मांडीवर. अशा वेळी शेजाऱ्याचे आडनाव विचारण्याइतकीही हालचाल करायला जागा उरत नाही! जागेच्या टंचाईने इथे जे घडवले, ते अनेक भाषणांना घडवता आले नाही.

१५/
जिल्ह्याच्या गावांत या कुळातील इतर भावंडेही आली. फिरोदियांच्या ‘बजाज टेंपो’ची तीनचाकी १९५८ नंतर आली आणि ‘टेंपो’ हे जर्मन कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. सहा आसनांच्या गाड्या आल्या. १९९९ पासून पियाजिओने बारामतीत उत्पादन सुरू केले आणि ‘आपे’ मराठी तोंडात ‘ॲपे’ झाली. इटालियन मधमाशी आज आर्णी, दारव्हा, घाटंजीच्या रस्त्यांवर गुणगुणत फिरते. या गाड्यांत प्रवाशाला म्हणतात ‘सीट’. “एक सीट, एक सीट, निघालीच गाडी!” यात माणूस आणि जागा एकच झालेले असतात. ‘जिन’ शब्दातून गळाला होता; ‘सीट’ने तो मागच्या दाराने परत आणला.

१६/
आता विनोदाकडे. त्याचे तीन प्रकार मला दिसतात. पहिला, जागेचा विनोद. ‘सरका’ म्हणणे ही आज्ञा आहे आणि अनोळखी माणसाला आज्ञा देणे अवघड. म्हणून आधी नाते जोडले जाते : भाऊ, काकाजी, मावशी, माय, ताई. मग मागणी, आणि मागणीच्या शेपटाला चेष्टा. “सरका ना भाऊ, घर लिहून मांगून नाई रायलो!” नाते खोटे असते, चेष्टा क्षणिक असते, पण सरकणे खरे असते. बाई चढली की मागचा एखादा पुरुष न सांगता उठून पुढे चालकाशेजारी जातो. ही शिस्त कुठल्याही नियमपुस्तकात नाही. विनोदालाही तिथे मर्यादा पडते आणि ती चुकवणाऱ्याला इतर सीटा गप्प करतात.

१७/
दुसरा, भावाचा विनोद. मुंबईत भाडे मीटर ठरवतो. यवतमाळसारख्या शहरात बहुधा तोंडी व्यवहार. तोंडी व्यवहारात दोघांनाही आपला मान राखायचा असतो. “इतक्यात तर नागपूर येते!” असे प्रवासी म्हणतो. “मंग नागपूरलेच चाला, परतीचे पैसे नाई घेत!” असे चालक म्हणतो. कापसाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या जी घासाघीस मुरली, तिचाच हा धाकटा अवतार. हसून दहा रुपये कमी करणाऱ्याला वाकावे लागत नाही आणि हसून दहा रुपये जास्त देणाऱ्याला आपण फसलो असे वाटत नाही. विनोद इथे दलालाचे काम करतो आणि दलाली घेत नाही.

१८/
तिसरा, लिहिलेला विनोद. ऑटोच्या पाठीवर ‘आईचा आशीर्वाद’, मुलांची नावे, देवदेवता, महापुरुष, कर्जाच्या हप्त्याची थट्टा, मागून येणाऱ्याला दिलेले आव्हान. एमएच २९ या क्रमांकाच्या आजूबाजूला मालकाचे अख्खे चरित्र मांडलेले असते. शासनाचेही या साहित्याकडे लक्ष असते. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजवण्यास उत्तेजन मिळते. मराठी मुलखात एखाद्या वाक्याला थेट परिवहन विभागाने रजा द्यावी, असा योग क्वचितच येतो.

१९/
या लिखित विनोदाचा पूर्वज शोधायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. आपला पोळा आठवा. बैलाच्या शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. आणि तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या. झडत्यांमधून गावचा पाटील, सावकार, सरकार, कोणाचीही खिल्ली उडवता येते. त्या दिवशी ती खपवून घेतली जाते. सजवलेले वाहन आणि त्याच्यासोबत उच्चारलेली बोचरी ओळ ही जोडी इथे ऑटोच्या आधीपासून होती. दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेला, झालरी लावलेला ऑटो पाहिला की बैलाची झूल आठवतेच. झडती वर्षातून एकदा ऐकू येते. ऑटोच्या पाठीवरील ओळ वर्षभर फिरते.

२०/
या बोलीचे सामर्थ्य यवतमाळने रंगमंचावरही अनुभवले. इथले कवी शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री प्रयोगातून वऱ्हाडी विनोद सभागृहांत नेला. या शहराने १९७३ आणि २०१९ अशी दोन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरवली. पहिल्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर, दुसऱ्याच्या अरुणा ढेरे. मांडवात प्रमाण मराठी बोलली गेली. मांडवापर्यंत पोचवणाऱ्या ऑटोत मात्र वऱ्हाडीच बोलली गेली असणार. भाषेच्या इतिहासात मांडवाची नोंद होते, ऑटोची होत नाही. लोकबोलीचा अभ्यास करणाऱ्याने दुसऱ्या ठिकाणीही वही उघडावी.

२१/
ऑटोचे रूपक राज्याच्या राजकारणातही शिरले. २०१९ मध्ये तीन पक्षांचे सरकार आल्यावर विरोधकांनी त्याला ‘तीन चाकांची रिक्षा’ म्हणून हिणवले. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२० मधील एका मुलाखतीत, रिक्षा हे गरिबांचे वाहन आहे आणि सुकाणू माझ्या हाती आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. २०२२ मध्ये एके काळी ठाण्यात रिक्षा चालवलेले एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा रिक्षा आणि मर्सिडीज अशी तुलना रंगली. पक्ष कोणताही असो, एक गोष्ट सारखी दिसते. रिक्षा आधी टोमणा म्हणून फेकली गेली आणि ज्याच्यावर फेकली, त्याने ती भूषण म्हणून मिरवली.

२२/
मात्र या विनोदाला सोज्वळ समजण्याची चूक नको. ऑटोवाल्यावर केलेल्या विनोदांत पुष्कळदा वर्गीय तुच्छता असते. पोराच्या वयाच्या प्रवाशाने पन्नाशीच्या चालकाला ‘ए ऑटो’ म्हणावे, यात गाडी आणि माणूस पुन्हा एक केलेले असतात. उलट बाजूही आहे. भाडे नाकारण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हा ठरवले, पण तीनचाकीसाठी दंड ठेवला जास्तीत जास्त ५० रुपये! पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी रिक्षा पंचायत उभी केली, तेव्हा हमाल आणि रिक्षाचालक हे हक्क असलेले कष्टकरी आहेत, हीच गोष्ट समाजाला बजावायची होती. बरोबरी एका बाकावर सुरू होते. तिथेच ती पूर्ण झाली असे होत नाही.

२३/
आणि यवतमाळात हसण्याच्या तळाशी एक काळोखी थर आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशाला ठाऊक झाला. २००६ मध्ये केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यात यवतमाळ होते. कोरडवाहू कापसावर घर भागेना, तेव्हा ऑटोचा परवाना आणि कर्जावर घेतलेली गाडी हा गावोगावच्या तरुणांना दिसणारा एक मार्ग ठरला. बैलाची जागा इंजिनाने घेतली, सावकाराची जागा हप्त्याने. ‘दो बिघा जमीन’मधला शंभू कलकत्त्याला गेला होता, इथला शंभू तालुक्याच्या थांब्यापर्यंतच जातो. हप्त्यावरची थट्टा ऑटोच्या पाठीवर दिसली तर हसावे जरूर, पण ती लिहिणाऱ्याने महिन्याचा हिशेब मांडून लिहिली आहे, हेही ओळखावे.

२४/
ही भाषा आता बदलते आहे. मोबाइलवर भाडे आधीच ठरले की भावाचा विनोद संपतो. क्यूआर कोड लावलेला डबा ‘रुपये प्राप्त झाले’ असे निर्विकार स्वरात सांगतो आणि सुट्ट्या पैशांवरचा संवाद तिथेच मिटतो. २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ई-रिक्षांना स्थान मिळाले. गंमत अशी की, ज्या विदर्भाने ‘रिक्षा’ हा शब्द सायकलीपुरता ठेवला होता, तिथे तो विजेच्या गाडीवर बसून परत आला आहे. या गाडीत प्रवासी समोरासमोर बसतात. बाक बदलला की बोलणेही बदलते. पुढच्या पिढीचा विनोद कदाचित इथून सुरू होईल.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती. ताम्रपट टिकतात, बखरी टिकतात. ऑटोच्या पाठीवरची ओळ रंगाचा पुढचा हात बसेपर्यंतच टिकते. तुमच्या गावच्या थांब्यावर जे लिहिलेले दिसेल, ते तारखेसह टिपून ठेवा. चालकाला विचारा, ही ओळ कोणी सुचवली, कोणी रंगवली, आधी काय लिहिले होते. त्याचे नाव, गाडीचा क्रमांक जाहीर करू नका. ओळ, गाव आणि साल पुरेसे आहे. आणि विचारताना ‘ए ऑटो’ म्हणू नका, ‘भाऊ’ म्हणा. मसूरच्या त्या मुलांना दुप्पट भाडे देऊनही जे सहज मिळाले नाही, ते शेजारचे आसन आज आपल्याला दहा-वीस रुपयांत मिळते. त्याची नोंद ठेवणे आपल्याकडे लागते.

धागा समाप्त. तुमच्या तालुक्यात या गाडीला काय म्हणतात : ऑटो, रिक्षा, टमटम, ॲपे? खाली गावाच्या नावासह लिहा.